थेंब डोळ्यात, परिणाम छातीत

“सध्या कुठली औषधं चालू आहेत?” असं फॅमिली डॉक्टरांनी विचारलं की पेशंट पिशवी उघडतो. रक्तदाबाची गोळी निघते, साखरेची निघते, रक्त पातळ करणारी निघते, कॅल्शियमची निघते. कधी कधी गुडघ्याला चोळायचं तेलसुद्धा टेबलावर येतं. डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली मात्र घरीच राहिलेली असते. ती औषधांत धरायची असते हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. थेंब डोळ्यात पडतात, डोळ्यापुरते असतात, त्यांचा बाकीच्या शरीराशी काय संबंध, अशी आपली सगळ्यांचीच पक्की समजूत असते.

काचबिंदूच्या बाबतीत ही समजूत महागात पडू शकते. या आजारावर 1978 पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या थेंबांमध्ये बीटा-ब्लॉकर गटातल्या थेंबांचा मोठा वाटा आहे, आणि त्यातलं सर्वांत जास्त लिहून दिलं जाणारं औषध म्हणजे टिमोलोल. हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या पेशंटना ज्या घराण्यातल्या गोळ्या मिळतात, त्याच घराण्यातलं हे औषध. ते स्वस्त आहे, परिणामकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्यानं असंख्य लोकांची नजर टिकवून धरली आहे. पण ते ‘डोळ्याचं औषध’ म्हणून घालायचं नसतं. सगळ्या शरीरात जाणारं औषध म्हणून घालायचं असतं. एवढी एक गोष्ट पेशंटला, त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असली की पुढचे बहुतेक धोके टळतात.

आधी डोळ्याच्या आत काय चालतं ते थोडक्यात पाहू. बुबुळाच्या मागच्या बाजूला एक गोलाकार पट्टा असतो. त्याला पक्ष्माभी पिंड म्हणतात. तिथे सतत एक पारदर्शक द्रव तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते तीन मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. हा द्रव डोळ्याच्या आतच फिरतो, नेत्रभिंगाला आणि पारपटलाला पोषण पुरवतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळतो. नळ चालू आणि मोरी मोकळी, तोवर सगळं ठीक. मोरी तुंबली की पाणी साचतं, तसा डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब एरवी 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. वाढलेला दाब, आणि काही लोकांत नेहमीचा दाबसुद्धा, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला हळूहळू इजा करतो. कडेची नजर आधी जाते, समोरची शाबूत राहते, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत आणणारं औषध आजही नाही. दाब कमी ठेवून उरलेली नजर सांभाळणं एवढंच हातात असतं. दाब उतरवायचे मार्ग दोनच: मोरी मोकळी करा किंवा नळ बारीक करा. बीटा-ब्लॉकर नळ बारीक करतात.

हे औषध डोळ्यापर्यंत पोहोचलं ते हृदयाच्या वाटेनं. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरांचे वडील मानसिक ताणाच्या प्रसंगानंतर हृदयविकारानं गेले होते. ॲड्रेनॅलिन हृदयाला जोरात पळवतं, त्या पळण्याला ऑक्सिजन लागतो, आणि आजारी हृदयाला तेवढा ऑक्सिजन मिळत नाही. मग ॲड्रेनॅलिनचा हात हृदयावरून बाजूला सारता येईल का, या प्रश्नावर ब्लॅक काम करत होते. ॲड्रेनॅलिन शरीरात ज्या ग्राहकांवर जाऊन काम करतं त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार अमेरिकेतल्या रेमंड अलक्विस्ट यांनी 1948 मध्येच मांडले होते. ब्लॅक यांनी बीटा ग्राहक अडवणारं औषध शोधलं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर प्रोप्रॅनोलोल वापरात आलं आणि हृदयविकाराच्या उपचारांना नवं वळण मिळालं. 1988 मध्ये ब्लॅक यांना गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

प्रोप्रॅनोलोल शिरेतून दिलं तर डोळ्यातला दाबही उतरतो, असं 1967 मध्ये लक्षात आलं. नेत्रतज्ज्ञांना ही बातमी फार मोलाची होती, कारण तोपर्यंत त्यांच्या हाती असलेलं मुख्य औषध होतं एकोणिसाव्या शतकातलं पायलोकार्पिन. ते दिवसातून चार वेळा घालावं लागे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होई, संध्याकाळी अंधारून आल्यासारखं दिसे आणि कपाळ ठणके. अनेक जण ते मधेच सोडून देत. पण प्रोप्रॅनोलोलचे थेंब करून पाहिले तर डोळाच बधिर व्हायला लागला. बधिर डोळ्यात कचरा गेला, ओरखडा पडला तरी कळत नाही, म्हणून तो बेत सोडावा लागला. प्रॅक्टोलोल नावाचं दुसरं औषध आशादायक वाटलं. पण ते गोळीच्या रूपात दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्यांना, त्वचेला आणि पोटातल्या आवरणाला गंभीर इजा झाल्याचं 1970 च्या दशकात उघड झालं आणि तेही मागे पडलं. शेवटी टिमोलोल जमलं. डोळा फारसा बधिर होत नाही, बाहुली आकसत नाही, दिवसातून दोन वेळा घातलं तरी पुरतं आणि दाब साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरतो. 1978 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पायलोकार्पिनला कंटाळलेल्या पेशंटना आणि डॉक्टरांना ही मोठीच सुटका वाटली असणार, आणि त्या उत्साहात एक गोष्ट नजरेआड झाली.

1978 ते 1985 या काळात अमेरिकेत टिमोलोलच्या थेंबांशी जोडलेल्या श्वसनाच्या आणि हृदयाच्या गंभीर त्रासाच्या 450 नोंदी जमा झाल्या. त्यांत 32 मृत्यू होते. ही संख्या औषध घेणाऱ्या लाखो लोकांच्या तुलनेत लहान आहे, हे खरं. पण यातल्या अनेकांना आधीपासून दमा किंवा हृदयाचा विकार होता. म्हणजे त्यांच्या बाबतीत धोका आधीच ओळखता आला असता. काचबिंदूच्या उपचाराच्या इतिहासात मला ही नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. औषध वाईट असल्याचं ती सांगत नाही. एक प्रश्न विचारायचा राहून गेला, तो विचारलाच पाहिजे, असं सांगते.

डोळ्यातला थेंब छातीपर्यंत पोहोचतो कसा, हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. पापणीच्या आत एरवी अश्रूंचा साठा असतो जेमतेम सात मायक्रोलिटर, आणि ताणून ताणून तिथे मावतात तीसच्या आसपास. म्हणजे थेंब पडला की काही भाग गालावर ओघळतोच. उरलेल्यापैकी डोळ्याच्या आत शिरतो तो पाच टक्क्यांहूनही कमी. बाकीचं औषध कुठे जातं? खालच्या आणि वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, आरशात नीट पाहिलं तर टाचणीनं टोचल्यासारखं एकेक छिद्र दिसतं. तिथून अश्रू एका नळीतून नाकात उतरतात; रडताना नाक वाहतं ते याच वाटेनं. थेंब घातल्यावर आपण पापण्या मिटमिटवतो, आणि प्रत्येक मिटमिटीबरोबर ही नळी द्रव आत ओढून घेते. औषध नाकाच्या आतल्या अस्तरावर पसरतं. ते अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. तिथून औषध थेट रक्तात जातं.

‘थेट’ या शब्दाला इथे वजन आहे. गोळी गिळली की ती आतड्यातून आधी यकृतात जाते आणि टिमोलोलच्या गोळीचा जवळपास अर्धा भाग यकृत तिथेच निकामी करतं. नाकाच्या अस्तरातून गेलेलं औषध या चौकीला वळसा घालून आधी हृदयाकडे आणि फुप्फुसांकडे जातं. अर्धा टक्का टिमोलोलचा पन्नास मायक्रोलिटरचा एक थेंब म्हणजे पाव मिलिग्रॅम औषध. दोन्ही डोळ्यांत, दोन वेळा घातलं तर दिवसाला एक मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी टिमोलोलची गोळी दिवसाला वीस मिलिग्रॅमपर्यंत आणि गरजेनुसार त्याहूनही जास्त देत. त्या मानानं हा आकडा लहान दिसतो. पण दम्याच्या श्वासनलिका इतक्या नाजूक असतात की त्यांना एवढंही पुरेसं होतं. एकाच डोळ्यात टिमोलोल घातलं तरी दुसऱ्या डोळ्यातला दाब थोडा उतरतो, हे नेत्रतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. औषध रक्तातून फिरून आल्याशिवाय हे घडणार नाही.

शरीरात पोहोचल्यावर हे औषध करतं काय? बीटा ग्राहकांचे मुख्य दोन उपप्रकार धरले जातात. पहिला प्रामुख्यानं हृदयात. तो अडला की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. दुसरा श्वासनलिकांत, तो त्यांना मोकळं ठेवण्याचं काम करतो, आणि अडला की त्या आवळतात. टिमोलोल दोघांनाही अडवतं. म्हणून दमा असलेल्याला, कधीकाळी दमा होऊन गेलेल्याला आणि फुप्फुसाचा जुना अडथळ्याचा आजार तीव्र असलेल्याला टिमोलोल देऊ नये, असा स्पष्ट नियम आहे. नाडी मुळातच फार मंद असणं, हृदयातल्या विद्युतवहनात अडथळा म्हणजे हार्ट ब्लॉक असणं, आणि हृदय पंप म्हणून कमी पडत असणं, याही अवस्थांत ते निषिद्ध आहे.

दम्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. श्वास कोंडला की दमेकरी जो पंप तोंडात मारतो, त्यातलं साल्ब्युटामोल नेमक्या याच दुसऱ्या उपप्रकाराच्या ग्राहकांवर काम करतं. टिमोलोलनं ती जागा आधीच धरून ठेवलेली असते. म्हणजे थेंबांमुळे श्वासनलिका आवळतात आणि त्या उघडायचं औषधही नीट लागू पडत नाही. मधमाशी चावून किंवा एखाद्या इंजेक्शननं तीव्र ॲलर्जी उसळली आणि ॲड्रेनॅलिन टोचावं लागलं, तर तिथेही हीच अडचण येऊ शकते.

मग डोळ्याच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जातोच ना? जातो. पण एकदा विचारून तो सुटत नाही. असं संभाषण रोज होत असतं:

“आजी, दमा आहे का तुम्हाला?”

“नाही हो बाई.”

“कधी पंप घ्यावा लागला होता?”

“तो आहे घरात. थंडीत जरा छाती भरते तेव्हा घेते. तसा काही दमा नाही.”

आजी खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी दमा म्हणजे रात्रभर उठून बसायला लावणारा आजार. हिवाळ्यात छाती भरणं, जिना चढताना शीळ वाजल्यासारखा श्वास येणं, दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरात खोकल्याची उबळ येणं, हे त्यात बसत नाही. म्हणून पेशंटनं आपल्या मनानं निवाडा न करता जे होतं ते सांगावं. लहानपणी ‘बाळदमा’ होता, चुलीच्या धुरात पन्नास वर्षं स्वयंपाक केला, विडी सोडून दहा वर्षं झाली पण खोकला गेला नाही, यातलं काहीही असलं तरी सांगावं. नाडी मोजून घ्यावी. हृदयाची शंका असेल तर थेंब सुरू करण्याआधी ईसीजी काढायला लागणारी दहा मिनिटं वाया जात नाहीत.

ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता त्यांचं काय? ब्रिटनमधल्या वयस्क पेशंटांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनाचा कुठलाही त्रास आधी नसलेल्यांपैकी, बीटा-ब्लॉकर थेंब वापरणाऱ्या साधारण दर 55 जणांमागे एकाला वर्षभरात थेंबांमुळे श्वासनलिका आवळण्याचा नवा त्रास झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. हा त्रास बहुधा झटक्यासारखा येत नाही. देवळापर्यंत चालत जाणारे आजोबा कोपऱ्यावरच थांबायला लागतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना मधे उभं राहावं लागतं. सकाळी उठल्यावर चक्कर येते, न्हाणीघरात तोल जातो. मन लागत नाही, झोपेत भलती स्वप्नं पडतात. यातल्या प्रत्येक गोष्टीवर घरात एकच उत्तर तयार असतं: वय झालं. पंचाहत्तरीच्या माणसाबाबत ते पटतंही. म्हणून थेंब सुरू केल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत असा कुठलाही बदल दिसला, तर तो वयाच्या खात्यावर टाकण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावा. थेंब बदलल्यावर काही दिवसांत आजोबा पुन्हा देवळापर्यंत जायला लागले, तर दोष वयाचा नव्हता हे सिद्धच झालं.

मधुमेहाच्या पेशंटनं एक वेगळी काळजी घ्यायची. साखर एकदम उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात, आणि या खुणांवरूनच माणूस लगेच काहीतरी गोड तोंडात टाकतो. बीटा-ब्लॉकर या खुणा झाकू शकतं. घाम मात्र येतोच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं अवेळी आलेल्या गार घामाकडे दुर्लक्ष करू नये आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा. थायरॉइड वाढल्याच्या खुणाही अशाच झाकल्या जातात. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या स्नायूंच्या आजारात अशक्तपणा वाढू शकतो. गोळ्यांशी होणारे गोंधळही आहेत. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम घेणाऱ्याची नाडी टिमोलोलनं आणखी मंदावू शकते. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्यांमुळे यकृत टिमोलोल सावकाश निकामी करतं, त्यामुळे त्याचा अंमल वाढतो. आधीच बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल, म्हणजे मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल यांपैकी एखादी, तर थेंबांचा डोळ्याला होणारा फायदा घटतो आणि शरीरावरचा भार वाढतो. हे नेत्रतज्ज्ञांना कळायचं असेल तर गोळ्यांची पिशवी डोळ्याच्या दवाखान्यातही न्यायला हवी, आणि थेंबांची बाटली फॅमिली डॉक्टरांकडे. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ती दाखवायची.

नुसती बाटली दाखवूनही कधी कधी फसगत होते, कारण टिमोलोल आज अनेकदा जोडऔषधात असतं. डोर्झोलामाइड आणि टिमोलोल, ब्रिमोनिडिन आणि टिमोलोल, लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बिमाटोप्रोस्ट यांच्याबरोबर टिमोलोल, अशा जोड्या बाजारात आहेत. त्यांचा फायदा खरा आहे: दोन बाटल्यांऐवजी एक, थेंब कमी, खर्च कमी, विसरणं कमी. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. टिमोलोल मॅलिएट हे शब्द खाली, बारीक अक्षरांत, दुसऱ्या औषधाच्या मागोमाग छापलेले असतात. मूळ नावाला ‘टी’ किंवा ‘प्लस’ असं शेपूट जोडलेलं दिसलं तर केमिस्टला सरळ विचारावं, यात टिमोलोल आहे का? ज्याची नजर काचबिंदूनं अधू झाली आहे त्यानं ही बारीक अक्षरं वाचावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे. हे काम घरातल्या तरुण माणसानं करावं, मोबाइलवर खोक्याचा फोटो काढून ठेवावा आणि कागदावर ठळक अक्षरात लिहून तो औषधांच्या पिशवीतच ठेवावा.

आता थेंब घालण्याकडे वळू. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, आणि दवाखान्याच्या गर्दीत नेमकं हेच समजावायला वेळ उरत नाही.

हात साबणानं धुवावेत. खुर्चीत मान मागे टाकून बसावं. मान दुखत असेल किंवा हात कापत असतील तर सरळ पलंगावर उताणं झोपावं. एका बोटानं खालची पापणी हलकेच खाली ओढली की तिथे एक छोटी खोबण तयार होते. नजर वर छताकडे लावावी. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला कुठेच लागू न देता वरून एक थेंब त्या खोबणीत सोडावा. एकच. दुसरा थेंब डोळ्यात मावतच नाही. तो गालावर तरी जातो नाहीतर नाकात, म्हणजे जिथे जायला नको तिथे. पहिला थेंब बाहेर पडला अशी खात्री असेल तरच पुन्हा घालावा.

मग डोळा अलगद मिटावा. घट्ट आवळू नये, मिटमिटवू नये. तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला लागून ठेवावं आणि हाडावर हलका पण नीट दाब द्यावा. बुबुळावर नाही, भुवईखाली नाही, नाकावरही नाही. डोळा आणि नाक यांच्या मधल्या त्या खाचेत. अश्रूंची नळी तिथूनच जाते. दोन ते तीन मिनिटं असंच बसावं. पाच मिनिटं जमली तर आणखी चांगलं. या अवधीत पापणीबाहेर आलेला ओघळ स्वच्छ कापसानं टिपून घ्यावा, नाहीतर पापण्यांच्या कडांना खाज येते.

एवढ्यानं काय होतं? 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच मिनिटं कोपरा दाबून धरल्यावर रक्तात जाणाऱ्या औषधाचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक कमी झालं. विशेष म्हणजे कोपरा न दाबता पाच मिनिटं डोळे नुसते शांत मिटून ठेवले तरी जवळजवळ तेवढाच फरक पडला. त्यामुळे संधिवातानं बोटं वाकलेल्या आजींनी कोपरा दाबता येत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. डोळे मिटून बसावं, तेवढ्या वेळात जपाची अर्धी माळ होते. शिवाय औषध डोळ्यावर जास्त वेळ टिकतं, त्यामुळे आत शिरणारा भागही वाढतो. एका पैशाचा खर्च नसलेला आणि दोन्हीकडून फायदा देणारा असा उपाय औषधोपचारात क्वचित सापडतो. तरीही तो किती कमी घरांत पाळला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन वेगवेगळे थेंब असतील तर त्यांत किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. टिमोलोल जेलच्या रूपात असेल तर ते शेवटी घालावं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात आणि पंधरा मिनिटांनी परत बसवाव्यात, कारण बहुतेक बाटल्यांतलं जंतुरोधक रसायन लेन्स शोषून घेतात. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेननं लिहावी. बहुतेक बाटल्या फोडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, तळाशी औषध उरलं असलं तरी. एखादी वेळ चुकली तर आठवण होताच घालावं. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दुप्पट थेंब घालू नयेत.

वेळेचंही महत्त्व आहे. झोपेत पक्ष्माभी पिंडाचं काम आपोआप मंदावतं, द्रव जवळपास निम्माच तयार होतो. नळ आधीच बारीक झालेला असताना टिमोलोलला करण्यासारखं थोडंच उरतं. दुसरीकडे, रात्री रक्तदाब मुळातच उतरलेला असतो. तो आणखी खाली गेला तर डोळ्याच्या नसेला होणारा रक्तपुरवठा घटू शकतो, अशी काळजी काही तज्ज्ञांना वाटते. म्हणून टिमोलोल दिवसातून एकदाच द्यायचं असेल तर बहुधा सकाळी देतात. दोन वेळा असेल तर दुसरा थेंब अगदी झोपताना घालण्यापेक्षा संध्याकाळी घालायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. रात्री रक्तदाबाची गोळीही घेत असाल तर हा प्रश्न विचाराच.

तान्ह्या मुलांची गोष्ट वेगळी. जन्मजात काचबिंदूत कधी कधी हे थेंब द्यावे लागतात, पण बाळाचं वजन काही किलो आणि थेंब मात्र मोठ्या माणसाएवढाच. बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो. अशा वेळी सौम्य प्रमाणातलं औषध, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात. औषध आईच्या दुधातही उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईनं तसं आधी सांगावं.

हे सगळं वाचून कुणी घाबरून बाटली कचऱ्यात टाकली, तर ते या प्रकरणाचं मोठंच अपयश ठरेल. काचबिंदू दुखत नाही. थेंब बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही, महिन्यानंतरही जाणवत नाही. नस मात्र झिजत राहते आणि गेलेला भाग कायमचा जातो. दाब वाढलेला पण काचबिंदू अजून न झालेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांना. अभ्यासात वापरलेल्या थेंबांत बीटा-ब्लॉकरही होते. त्रास वाटला तर फोन करावा, भेटावं, थेंब बदलून घ्यावा. श्वास कोंडला, शुद्ध हरपल्यासारखं झालं, नाडी पन्नासच्या खाली गेली, तर मात्र पुढचा थेंब न घालता तडक दवाखाना गाठावा आणि तिथे पोहोचताच या थेंबांचं नाव सांगावं.

बदलायला आज पुष्कळ पर्याय आहेत. 1996 मध्ये लॅटानोप्रोस्ट आल्यापासून त्या गटातले थेंब अनेक ठिकाणी पहिली पसंती ठरले आहेत. ते मोरीच्या बाजूनं काम करतात, दिवसातून एकदाच घालायचे असतात, दाब टिमोलोलपेक्षा थोडा जास्तच उतरवतात आणि श्वासावर किंवा नाडीवर त्यांचा सहसा परिणाम होत नाही. पापण्यांचे केस वाढणं, डोळे लाल दिसणं, बुबुळाचा रंग गडद होणं हे त्यांचे स्वतःचे त्रास. डोर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड आहेत. जाळीवर लेझर किरण टाकून मोरी मोकळी करण्याचा उपचार आता काही पेशंटना थेंबांच्याही आधी सुचवला जातो. बेटॅक्सोलोल हा बीटा-ब्लॉकरच, पण तो मुख्यतः हृदयातल्या उपप्रकारावर काम करतो, म्हणून फुप्फुसांना त्याचा त्रास कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. दमेकऱ्यानं तो सुरक्षित समजून घेऊ नये, आणि दाबही तो टिमोलोलपेक्षा कमीच उतरवतो.

वर्षानुवर्षं टिमोलोल घेणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्याला त्याची सवय होते आणि दाब पुन्हा हळूहळू वर सरकतो. ते पेशंटला कळत नाही, यंत्रालाच कळतं. म्हणून थेंब नियमित घालत असलात तरी नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेल्या वेळेला दाब तपासून घ्यायचा आणि कडेच्या नजरेची तपासणीही करून घ्यायची. औषध बदललं तर तपासणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी ठेवतात. टिमोलोल बुबुळातल्या रंगद्रव्याला धरून राहतं आणि बंद केल्यावरही दोन ते चार आठवडे त्याचा अंमल डोळ्यात टिकतो. नव्या थेंबाचं खरं काम त्यानंतरच मोजता येतं. तोवर दाब चांगला दिसला तरी ते श्रेय कदाचित जुन्या बाटलीचंच असतं.